जनावर क्रमांक ४१७

सलग तिसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी दूध चोरलं. सकाळच्या धारेला आठ लिटर देणारी गाय तीन लिटरांवर आली आणि बादलीशी आपला काही संबंध नसल्यासारखी भिंतीकडे बघत उभी राहिली. सूनबाईंनी चुचकारलं, पाठ खाजवली, कासेला कोमट पाण्याचा हात लावला. बाईसाहेबांनी मान झटकली. गळ्यातल्या पट्ट्याची डबी शिंगावर टक्कन आपटली आणि उरलंसुरलं दूधही वर चढलं.

पट्टा दूध संघाचा होता. संघाने निवडक पन्नास गायींच्या गळ्यात असे पट्टे बांधले होते. गाय किती चालली, किती बसली, किती वेळ रवंथ केला, या घडीला कुठे आहे, हे सगळं पट्टा संघाच्या कचेरीतल्या संगणकाला कळवायचा, आणि संगणक उलट मालकिणीच्या मोबाइलवर सल्ला धाडायचा. महिनाभर पट्टा न काढता जी गाय धडधाकट राहील, तिच्या मालकिणीला दूध थंड ठेवायची टाकी फुकट मिळणार होती. सूनबाईंचा त्या टाकीवर जीव जडला होता. संध्याकाळचं दूध दुसऱ्या सकाळी संघाची गाडी येईपर्यंत टिकायचं नाही. दोन दिवसांआड एक किटली नासायची आणि ती मोरीत ओतताना सूनबाई तोंड फिरवून घ्यायच्या.

“हिला हा दागिना पसंत नाही,” सूनबाई नवऱ्याला म्हणाल्या. “काढते जरा वेळ. कोण बघायला येतंय?”

पट्टा खुंटीवर गेला. बाईसाहेबांनी लांबलचक सुस्कारा सोडला आणि मुकाट्याने राहिलेलं सगळं दूध दिलं. सूनबाई बादली घेऊन उठतात न उठतात तोच मोबाइल वाजला.

‘जनावर क्र. ४१७ : हालचाल शून्य. रवंथ शून्य. जनावर मृत असण्याची शक्यता.’

पाठोपाठ पट्टासाहेबांचा फोन. हा संघाचा तरुण अधिकारी. गायींच्या योजनेवर नेमलेला असूनही तो गायीबद्दल कधी बोलायचा नाही, पट्ट्याबद्दलच बोलायचा. म्हणून हे नाव.

“वहिनी, ऐकून फार वाईट वाटलं. पंचनाम्याला माणूस पाठवतो.”

“अहो, जिवंत आहे ती! माझ्यासमोर उभी आहे.”

“मग पट्टा काढला की काय? नियम सात. पट्टा निघाला की टाकी पुढच्या नंबराला.”

“छे हो, पट्टा कशाला काढू? झोपलीय जरा.”

“उभ्या उभ्या?”

“सवय आहे तिला.”

“दहा मिनिटांत हालचाल दिसू दे,” पट्टासाहेब म्हणाले. “नाहीतर माणूस निघाला.”

पट्टा पुन्हा बांधावा तर दूध जाणार, न बांधावा तर टाकी जाणार. नवऱ्याने त्यातून मार्ग काढला. पट्टा खिशात टाकला आणि रोजच्यासारखा टेम्पो घेऊन कामाला निघाला. चौकापर्यंत पोहोचायच्या आत निरोप आला, ‘४१७ : वेग ताशी पंचेचाळीस. जनावर उधळले आहे. समोर उभे राहू नका.’ तो अर्ध्या वाटेतून परतला. मग शेजारच्या कुत्र्याच्या गळ्यात बांधून पाहिला. कुत्रा दर मिनिटाला मागच्या पायाने डबी खाजवू लागला, आणि संगणकाने गायीला गोचीड झाल्याचं कळवून औषधाची यादी पाठवली.

“आपल्याला असं कुणीतरी पाहिजे,” नवरा म्हणाला, “जे फारसं हलत नाही, पण मेलेलंही वाटत नाही.”

“आणि तोंड सतत चालू पाहिजे,” सूनबाई म्हणाल्या.

बोलता बोलता दोघांची नजर ओसरीवरच्या आरामखुर्चीकडे गेली.

खुर्चीत मामंजी होते. छत्तीस वर्षं हेडक्लार्की करून निवृत्त झालेले. महिन्यापूर्वी बसवलेली कवळी अजून तोंडात रुळली नव्हती, त्यामुळे त्यांचा जबडा सकाळपासून रात्रीपर्यंत संथ लयीत गोल फिरत असायचा. दिवसातून दोनदा उठून ते अंगणात चक्कर मारायचे आणि दुपारी चार ते सहा वाचनालयात जायचे. बाकी वेळ बैठक.

“अजिबात जमणार नाही,” मामंजी म्हणाले. “इतकी वर्षं सरकारी नोकरी केली, पण साहेबालासुद्धा गळ्यात पट्टा बांधू दिला नाही मी.”

“बांधला होता बाबा, दिसत नव्हता एवढंच.”

“तू गप्प बस रे!”

“मामंजी, वरून मफलर गुंडाळा,” सूनबाई काकुळतीला आल्या. “कुणाच्या बापाला कळणार नाही. टाकी आली की काढून टाका. सगळा गोठा आता तुमच्यावर आहे.”

‘सगळ्या खात्याचा भार तुमच्यावर आहे’ असं कुणीतरी आपल्याला म्हणावं, ही मामंजींची नोकरीतली अपुरी राहिलेली इच्छा होती. त्यांनी मान पुढे केली.

तासाभरात निरोप आला. ‘४१७ : रवंथ उत्कृष्ट. जनावर समाधानी.’

त्या दिवसापासून घर रुळावर आलं. बाईसाहेब मोकळ्या गळ्याने भरभरून दूध देऊ लागल्या आणि मामंजी मोबाइलवर चांगले गुण मिळवू लागले. गुण शंभरपैकी असायचे. पहिल्या दिवशी एकसष्ट पडले, तेव्हा मामंजी म्हणाले, “यंत्राला काय कळतंय?” दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न पडले, तेव्हा त्यांनी चष्मा लावून कारण वाचलं. ‘बैठक जास्त. पाणी कमी. जनावराला सकाळी अर्धा तास फिरवावे.’

“चला मामंजी, उठा.”

“गुडघे दुखतात ग माझे.”

“चौसष्ट होतील.”

मामंजी उठले. डॉक्टर तीन वर्षं हेच सांगत होते, पण डॉक्टर गुण देत नव्हते. आठवड्याभरात मामंजी स्वतःहून तांब्याभर पाणी मागू लागले. संगणकाने हिरवा चारा वाढवायला सांगितलं, म्हणून सूनबाईंनी ताटात उकडलेला पाला वाढला, तर तोही त्यांनी ब्याऐंशी गुणांच्या आशेने तक्रार न करता संपवला. कवळी फिरत होतीच.

मधे एकदा पट्टासाहेबांचा फोन आला.

“वहिनी, एक शंका आहे. तुमची गाय रोज चार ते सहा सार्वजनिक वाचनालयात दिसते.”

“मागच्या बाजूला गवत आहे हो तिथे.”

“बरं, बरं. कारण नकाशावर ती अगदी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी दिसते.”

“खिडकीतून तोंड घालत असेल मेली,” सूनबाई म्हणाल्या आणि मेली म्हणताना ओसरीकडे बघून जीभ चावली.

सव्विसाव्या दिवशी मात्र घात झाला. त्या दिवशी वाचनालयाच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि मामंजी उमेदवार होते. समोर निवृत्त मुख्याध्यापक, बोलण्यात पटाईत. मामंजींना आदल्या दिवसापासून चैन नव्हतं. सकाळपासून ते अंगणात येरझारा घालत होते, पाण्याला शिवत नव्हते, जेवण तसंच टाकून भाषण घोकत होते, मधूनच मोठ्याने हुंकार देत होते. आता ही लक्षणं उमेदवाराची आहेत, हे माणसाला कळतं. संगणकाला फक्त गाय शिकवलेली होती.

सूनबाई संध्याकाळच्या धारेला बसल्या होत्या. हात पुसून मोबाइल हातात घेतला तेव्हा निरोप येऊन वीस मिनिटं झाली होती.

‘४१७ : अस्वस्थता, भूक मंद, चाल चौपट, हुंकार. जनावर माजावर आले आहे. गाय भरवण्यासाठी डॉक्टर रवाना. पट्ट्याच्या ठिकाणी पोहोचतील.’

सूनबाईंच्या हातून मोबाइल बादलीत पडायचाच बाकी राहिला. “अहो! स्कूटर काढा!” त्या ओरडल्या. “मामंजींकडे डॉक्टर निघालाय!”

“का? काय झालं बाबांना?”

“ते रस्त्यात सांगते. बसा आधी!”

वाचनालयाच्या सभागृहात मामंजी भाषणाच्या ऐन रंगात आले होते. “या संस्थेसाठी मी काहीही सहन करायला तयार आहे,” असं ते म्हणत असतानाच दार उघडलं. आत एक दांडगा गृहस्थ आला. पायात रबरी बूट, एका हातात खांद्यापर्यंत पोहोचणारा लांब हातमोजा, दुसऱ्या हातात मोबाइल, बगलेत गाय भरवायचं वाफाळणारं थंड नळकांडं.

“चारशे सतरा कोण आहे?” त्याने विचारलं.

मुख्याध्यापकांनी मतदारयादी चाळली. यादीत एकशे बाराच नावं होती.

“इथेच दाखवतंय,” असं म्हणत डॉक्टर मोबाइल पुढे धरून खुर्च्यांमधून चालू लागला. “नऊ मीटर... सहा मीटर...” तो व्यासपीठाच्या पायऱ्या चढला. “एक मीटर.” त्याने मान वर केली. समोर मफलर गुंडाळलेले मामंजी उभे होते. जबडा फिरत होता.

डॉक्टरने मोबाइलकडे पाहिलं, मामंजींकडे पाहिलं आणि लांब हातमोजा हळूच पाठीमागे लपवला.

इतक्यात सूनबाई धापा टाकत आत आल्या. “डॉक्टर, थांबा! हात लावू नका त्यांना!”

“नाही लावत, ताई,” डॉक्टर गंभीरपणे म्हणाला. “माझं शिक्षण तेवढं झालेलं नाही.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मुख्याध्यापकांनी संधी साधली. “सभासदहो, उमेदवाराच्या गळ्यात काय आहे, ते सभेला कळलं पाहिजे!”

टाकी गेली, अब्रू गेली, असं म्हणून सूनबाईंनी डोळे मिटून घेतले. पण छत्तीस वर्षांच्या हेडक्लार्कीत मामंजींनी याहून वाईट कागद याहून कडक साहेबांकडून सही करवून आणले होते. त्यांनी शांतपणे मफलर सोडला.

“मी सांगणारच नव्हतो,” ते म्हणाले. “कृषिसंशोधनासाठी गेले तीन आठवडे मी हा पट्टा वागवतोय. एक पैसा न घेता. सन्माननीय मुख्याध्यापकांनी या वयात विज्ञानासाठी काय गळ्यात घातलं, तेही सभेला कळू द्या.”

मुख्याध्यापकांच्या गळ्यात त्या वेळी चष्म्याची दोरी होती. मामंजी अकरा मतांनी निवडून आले.

बाहेर आल्यावर सूनबाईंनी डॉक्टरला गाठलं. “डॉक्टर, कचेरीत नका ना सांगू. माझी टाकी जाईल.”

डॉक्टर पायरीवर बसून बूट झटकत होता. “ताई, या महिन्यात पट्टा शोधत गेलो ती ही नववी जागा. एक पट्टा बाळाच्या पाळण्याला होता. एक शिवणयंत्राच्या पायडलला. परवाचं जनावर तर शाळेत पाचवीला भूगोल शिकवत होतं. खऱ्या गायीच्या गळ्यात मला दोनच पट्टे भेटले आणि त्या दोन्ही गायींना संगणक आजारी म्हणतो.”

“मग तुम्ही तक्रार का नाही केली?”

“तक्रार केली की योजना बंद. योजना बंद की माझं पेट्रोल बंद.” त्याने फॉर्मवर लिहिलं, ‘तपासले. जनावर शांत झाले आहे.’ आणि सूनबाईंची सही घेतली.

तिसाव्या दिवशी पट्टासाहेब प्रत्यक्ष तपासणीला यायचे होते. ते येण्याआधी तासभर सूनबाईंनी पट्टा मामंजींच्या गळ्यातून काढला आणि हातापाया पडून बाईसाहेबांच्या गळ्यात बांधला. पट्टासाहेब गोठ्यात शिरले, मोबाइल पुढे केला आणि त्यांचा चेहरा पडला. मोबाइलवरचा दिवा लाल होता.

‘हे जनावर ४१७ नाही. चोरी किंवा अदलाबदलीचा संशय.’

“वहिनी, गाय बदललीत तुम्ही!”

“अहो, पाच वर्षं हीच गाय आहे आमच्याकडे!”

“शक्यच नाही. महिनाभराच्या सवयी संगणकाला तोंडपाठ आहेत. चारशे सतरा जास्त समजूतदार आहे. तिचा रवंथ बघा, चाल बघा. ही कुठली तरी फालतू गाय आहे.” त्यांनी बॅग बंद केली. “टाकीचं विसरा.”

सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तेवढ्यात दारातून मामंजींचा आवाज आला.

“साहेब, ती परक्या माणसाला बुजते. दोन मिनिटं अंगणात उभे राहता का?”

पट्टासाहेब बाहेर गेले. आत थोडी झटापट ऐकू आली. मग पट्टासाहेबांच्या हातातला मोबाइल टुणकन वाजला आणि दिवा हिरवागार झाला. ‘४१७ ओळख पटली. गुण : शहाण्णव. जिल्ह्यात प्रथम.’

पट्टासाहेब आत डोकावले. गाय कडबा खात होती. तिचा गळा मोकळा होता. तिच्या शेजारी, भर उन्हाळ्याच्या दुपारी, मामंजी मफलर गुंडाळून उभे होते.

पट्टासाहेब बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग दिव्याकडे बघत राहिले.

“पन्नासांतला हा एकच हिरवा आहे,” ते शेवटी हळू आवाजात म्हणाले. “वरच्या साहेबांना मला एक तरी दाखवायचाच आहे.” आणि त्यांनी फॉर्म काढला. “जनावराचं वय?”

“पाच,” सूनबाई म्हणाल्या.

“साडेचार,” मामंजींनी दुरुस्ती केली.

टाकी दुसऱ्याच दिवशी आली. चकचकीत, पांढरी, मंद गुणगुणणारी. सूनबाईंनी तिच्यावरून तीनदा हात फिरवला आणि मग तिच्यासोबतचा कागद वाचला. टाकी ४१७च्या नावावर होती. ४१७ पट्ट्यासह ठणठणीत आहे तोवर टाकी घरात राहील. प्रकृतीत बिघाड दिसला, की संघ ती परत नेईल.

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच किटली नासायची धास्ती नव्हती. सूनबाई ओसरीवर निवांत टेकल्या होत्या, नवरा टेबलपंख्यासमोर पाय पसरून बसला होता, आणि कोपऱ्यात मामंजी पुस्तक वाचत होते. त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही. पान उलटता उलटता ते फक्त एकदा खाकरले.

सूनबाईंनी धावत जाऊन खिडकी लावली. नवऱ्याने पंखा उचलून त्यांच्याजवळ आणून ठेवला. मामंजींनी पुस्तकातून डोकं वर काढलं, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि प्रयोगादाखल आणखी एकदा खाकरले.