गेनूआबाची जकात

इंदापूर रस्त्याच्या नाक्यावर गेनूआबा म्हणून एक नाकेदार होता. तो गाडीतून चाललेल्या आजारी सुनांवर जकात घ्यायचा. हसा खुशाल. मीही पहिल्यांदा हसले होते. पुढे त्याच्या पायी माझ्या कित्येक दुपारच्या भाकऱ्या ताटात वाळल्या, तेव्हा हसू आपोआप आटलं.

गाडी आली की कुठलाही नाकेदार पोत्यात सळई खुपसून बघतो. गूळ किती, मिरची किती, खाली तुपाचा डबा दडवलाय का. गेनूआबाही बघायचा, पण त्याचा खरा डोळा गोधडीवर. गोधडी पांघरून कुणी निजलेलं दिसलं की सळई बाजूला ठेवायचा, गोधडीचं टोक दोन बोटांनी उचलायचा आणि गाडीवानाला विचारायचा, "ह्यो माल कुणाचा?"

मग त्या बाईच्या बांगड्या बघायचा. बांगड्या मनगटाशी असल्या तर "जा" म्हणायचा. सैल होऊन कोपराकडे सरकल्या असल्या तर रस्त्यावरचा बांबू खाली यायचा. जकात भर आन् मग हाल, एवढंच बोलायचा.

ही जकात पैशाची नव्हती. गाडीबरोबर आलेल्या नवऱ्यानं बैल सोडायचे, नाक्यामागच्या चुलीवर पेज शिजवायची आणि स्वतःच्या हातानं बायकोला पाजायची. कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या. ताप उतरेपर्यंत गाडी जागची हलायची नाही.

कुठल्या कायद्यात बसतं हे, असं एका गुळाच्या व्यापाऱ्यानं त्याला एकदा विचारलं. तर आबा त्याच्यावरच उलटला. तुझ्या ढेपेला पोतं, पोत्यावर ताडपत्री, आन् पोरगी उघड्या उन्हात, हे कुठल्या कायद्यात बसतं ते आधी सांग, म्हणाला. त्या व्यापाऱ्याचा त्या पोरीशी काडीचा संबंध नव्हता. पण आबाला राग आला की समोर सापडेल तो त्या रागाचा धनी.

मी तेव्हा बारामतीत एका दवाखान्यात नर्स होते. गुळाचे भाव पडलेले, कुणाच्या हातात पैसा नाही, ती मंदीची वर्षं. मी लहान वयात विधवा झालेली, पुण्यात राहून हे काम शिकलेली. गावाला माझ्या हातचं औषध चालायचं, पाणी चालत नसे. बाळंतीण अडली की "बाई, लवकर चला", आणि बारशाचं बोलावणं मात्र शेजारणीला. दवाखान्याला आणखी एक नर्स पाहिजे, असं गावातली शहाणी माणसं येता-जाता म्हणायची. प्रत्येकाला नर्स हवी होती, फक्त ती दुसऱ्याच्या घरातली हवी होती. तुमची मुलगी पाठवा की शिकायला, असं म्हटलं की तोंडं अशी व्हायची, जणू मी त्यांना हिवतापाचं कडू कोयनेल चाटवलं.

आबानं मला पहिल्यांदा बोलावलं ते निरोप धाडून नव्हे. भर बाजारातून हाका मारत आला, दवाखान्याच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, माल आलाय, चला. मी फाडकन सांगितलं, मी तुमची चाकर नाही. त्यावर म्हणतो, मीबी कुणाचा न्हाय, पन पोरगी थांबलीया. गेले पाय आपटत. तेव्हापासून पाय आपटत जाण्याची सवयच लागली.

हे गाड्यांचं प्रकरण काय होतं, ते सांगते. ते सांगताना माझं डोकं आजही तापतं. आमच्याकडे पाट आला आणि पाटाबरोबर ऊस आला, पैसा आला, डास आले. पाटाकडच्या गावांत भाद्रपद-आश्विनात घरटी माणूस थंडी वाजून निजायचं. इंदापूरच्या बाजूला सगळं कोरडं रान. तिकडचा बाप पाटाकडचं स्थळ आलं की हरखून जायचा. पोरगी पाण्यात पडली, तिच्या पिढ्या सुखात गेल्या, म्हणायचा. पोरगी खरोखरच पाण्यात पडायची. दिवसभर उसाच्या सरीत घोट्याएवढ्या पाण्यात उभी. कोरड्या हवेत वाढलेलं ते अंग दोन हंगामांत पिवळं पडायचं. पाणी उसाला आणि ताप सुनेला, अशी ही वाटणी.

आणि ती पडली की सासर काय करायचं? गाडी जुंपायचं. आजारपण माहेरानं काढायचं, ही आमच्याकडची रीत. धडधाकट सून सासरची, आजारी सून माहेरची! अंगात फणफणता ताप, वर ऊन, खाली खडबडीत रस्ता, आणि इंदापूर काही जवळ नाही. त्याच्याही पलीकडे नरसिंहपुराच्या बाजूला माहेर असलं तर विचारूच नका. काही पोरी पोचायच्या. काही गाडीतच संपायच्या, आणि मग दोन्ही घरं म्हणायची, तिचं नशीब. नशीब हा शब्द कुणी काढला की माझ्या हातातलं भांडं दणकन आपटायचं.

आबाचा राग माझ्यापेक्षा जुना आणि माझ्यापेक्षा तिखट. नवऱ्यांना तो "जावईबापू" म्हणायचा, आणि तो शब्द त्याच्या तोंडून शिवीसारखा यायचा. जावईबापू, फुंकणी उलटी धरलीया. जावईबापू, बायकूला पाजताय का गुरांचा डोस ओतताय? मिशीला पीळ दिलेले गडी धुरानं डोळे चोळत चुलीपुढं बसलेले, पेज करपलेली, आणि बाजाराला आलेली माणसं शेंगा खात ती गंमत बघत उभी. त्या बघ्यांनाही आबा सोडायचा नाही. तुमच्या घरात कोन आजारी हाय, असं एकेकाला विचारायचा आणि गर्दी पांगायची.

रोग्यांशी तरी गोड बोलावं? छे. थंडीनं कुडकुडणाऱ्या पोरीलाही दरडावायचा, डोळं मिटू नको म्हणून. कोयनेल कडू लागून एखादीनं तोंड फिरवलं तर सासरापेक्षा कडू हाय व्हय, असं विचारायचा. पोरी त्या तापातही खुदकन हसायच्या आणि गोळी गिळायच्या. एवढे दिवस पुण्यात शिकून मला ही युक्ती कुणी सांगितली नव्हती.

आबाची बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. त्यामुळे गावानं त्याच्यासाठी एक गोष्ट रचली होती. म्हणे त्याची बहीण अशीच गाडीत गेली, म्हणून हा असा झाला. मी एकदा धीर करून विचारलं. आबा माझ्यावर असा तडकला की बस्स. बहीण मेल्याबिगर मानसाला दिसत न्हाय का, म्हणाला, त्याला डोळं दिलेत ते कशाला? त्याला बहीणच नव्हती.

अशाच एका आश्विनात भागूची गाडी आली.

भागू सोळा-सतरा वर्षांची. बरोबर नवरा निवृत्ती आणि सासू. गोधडी उचलली तर बांगड्या पार दंडाला गेलेल्या. मी पोचले तेव्हा तिला शुद्ध धड नव्हती. मी आबाला बाजूला घेऊन सांगितलं की ही गाडी पुढं गेली तर पोरगी इंदापूर बघणार नाही.

आबानं बांबू खाली घेतला. सासू गाडीतून उतरली. बाई काही राक्षसीण नव्हती, हेच मला जास्त झोंबलं. तिनं कमरेवर हात ठेवून सांगितलं, की घरात सगळी रानात राबतात, ऊस तोंडावर आलाय, हिच्या उशाशी बसायला माणूस कुठला आणायचा? माहेरी भाऊ-भावजय आहेत, ते बघतील. खोटं काहीच नव्हतं. कुणाच्याच घरात उशाशी बसायला माणूस शिल्लक नव्हता. पण उसाला पाणी द्यायला माणूस होता, बैलांना वैरण टाकायला होता. मी तसं म्हटलं. सासूनं माझ्या कपाळाकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि आबाला म्हणाली, ही पांढऱ्या कपाळाची आमाला शिकवनार?

मी भागूच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली. आबानं बैलांचं जू स्वतःच सोडलं.

मग व्हायचं ते झालं. सासूनं गावी निरोप धाडून एका बड्या बागाइतदाराला बोलावून घेतलं. तो मोटारीतून आला, खाली न उतरताच आबाला म्हणाला, की गाडी सोड, नाहीतर उद्यापासून या नाक्यावर दुसरा माणूस बसेल. त्याच्या शब्दाला वजन होतं, हे आबाला ठाऊक, मला ठाऊक, नाक्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक. आबाच्या पोटाला ही एवढीच नोकरी होती. त्यानं सांगितलं, की माल लपवून नेताना सापडलाय. गोधडीखाली सून लपवली. जकात भरल्याबिगर सुटायची न्हाय. मोटारीतला माणूस हसला नाही. त्यानं निवृत्तीला हुकूम केला, बैल जुंप.

निवृत्ती चुलीपुढं होता. मघापासून त्याची दुसरी पेज चालली होती, पहिली करपलेली. एका हातात पळी, तोंडाला राख. तो उठला. मला वाटलं, संपलं. गडी आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता, सगळ्या रस्त्यात तो गाडीपुढं चालत आला होता, मागं एकदा वळून बघितलं नव्हतं त्यानं.

तो आईजवळ गेला आणि खालमानेनं म्हणाला, "आये, तू मोटारीतनं घरी जा. ती दोन घोट प्याली माझ्या हातनं. मी हितंच बसतो."

सासू त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा मुलगा बायकोच्या उशाशी बसणार, तेही रस्त्यावर, चारचौघांत! तिला रडूच कोसळलं. मोटार तिला घेऊन गेली. जाताना मोटारवाल्यानं आबाकडे बोट दाखवलं.

भागूला नाक्यामागच्या आबाच्या खोलीत निजवलं. पुढचे दिवस ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. मी सकाळ-संध्याकाळ खेपा घातल्या. अधल्यामधल्या वेळी निवृत्ती पट्ट्या बदलायचा, पाणी उकळायचा, तिला कुशीवर वळवायचा. आबा शेजारी उभा राहून शिव्या द्यायचा. तापात एकदा भागू माझा हात धरून म्हणाली, माहेरी तरी कोन बसनार व्हतं माझ्यापाशी, बाई? मी बाहेर येऊन तोंड धुतलं. रडले म्हणा हवं तर. रागानं रडले.

अखेर ताप उतरला. पोरगी उठून बसली, भाकरी मागू लागली. निवृत्तीनं गाडी सासरच्या वाटेला लावायचं ठरवलं. आईला मी सांगतो, म्हणाला. त्याच सुमाराला आबालाही हुकूम आला होता, महिनाअखेर नाका सोडायचा. आबानं तो कागद माझ्यापुढं टाकला आणि चुलीतली राख काढायला लागला.

माहेराहून निघालेल्या लेकीची ओटी भरतात. आबानं सकाळीच नारळ आणला, तांदूळ आणले, खण आणला, हिरवा, तांबड्या काठाचा. मग सवाशीण शोधत आसपासची घरं हिंडला. एकीची चूल पेटलेली, एकीकडे पाहुणे. खरं म्हणजे त्या मोटारवाल्याशी कुणालाच वैर नको होतं. आबा परतला तो साऱ्या आळीचा उद्धार करत. आल्या आल्या त्यानं सूप माझ्यापुढं धरलं.

मी मागं सरले. म्हटलं, "आबा, मी विधवा. पोरीला अपशकुन होईल."

"इतकं दिस तुमचाच हात तिच्या कपाळावर व्हता," तो म्हणाला. "तवा अपशकुन कुठं मेला व्हता?"

मी भागूकडे पाहिलं. तिनं पदर पसरला.

मला ओटी भरता येत नव्हती. कशी येणार? ज्या वयात शिकायचं त्या वयात मला माजघरात बसवलं होतं. तांदूळ निम्मे खाली सांडले. निवृत्तीनं ते वाकून वेचले आणि तिच्या पदरात टाकले. मी तिला कुंकू लावलं. गावातल्या एकेका दाराची आठवण होऊन मला त्या सगळ्यांना ओरडून बोलवावंसं वाटत होतं, या आणि बघा म्हणून.

भागू आबाच्या पायाशी वाकली. तो चार पावलं मागं हटला आणि खेकसला, "पुन्ना आजारी हून हितं यिऊ नको, सांगून ठिवतो."

ती गाडीत बसली. निवृत्ती या खेपेला पुढं चालला नाही, कासरा घेऊन तिच्याजवळच बसला. आबा चाकाला धरून उभा राहिला, गाडी काही सोडेना.

"माझ्याकडं समद्या पोरी आजारी हून येत्यात," तो म्हणाला. "बऱ्या झाल्या की जात्यात. मी नाक्यावर नसलो तरी मागं माझी खोली हाय. एकदा चांगली असताना ये. काय काम नगं. भाकर खायाला ये."

आणि हे त्यानं इतक्या रागानं सांगितलं की बैल बिचकले.