गजभिये काका आणि सुती कॉलर

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. पण मला तिथवर नेलं गजभिये काकांनी. भिलाईच्या कारखान्यात भट्टीवर उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले हे काका भिलाईजवळच्या कुरुदला आमच्या शेजारी राहतात आणि जुन्या सुती कपड्यांचा कागद करतात. माणूस भेटला की आधी त्याची कॉलर चिमटीत धरतात. 'जय भीम' नंतर.

आईच्या वाळत घातलेल्या धुण्यावर त्यांचा डोळा असे.

"वहिनी, हे चादर कधी रिटायर होऊन राहिली?"

"अजून ड्युटीवर आहे, भाऊजी. हात नका लावू!"

रिटायर झालेला कपडा काका कातरत, भिजवत, उखळात कुटत. तो लगदा जुन्या कूलरच्या टाकीत कालवून जाळीच्या चौकटीवर उचलत, भिंतीवर वाळवत आणि वरून भाताच्या पेजेची खळ देत. त्याच्या वह्या मला. भौतिकशास्त्राच्या सगळ्या नोट्स मी बाबांच्या बनियनवर लिहिल्या आहेत.

सूत ओळखायला काका धागा जाळत. राख झाली तर सूत, गोळी झाली तर प्लास्टिक. एका लग्नात वरबाप नवरदेवाचा शेला "अस्सल सुती" म्हणून मिरवत होते. काकांनी हळूच धागा ओढला, काडी लावली आणि भरमांडवात ओरडले, "गोळी झाली!" त्या घरचं आमंत्रण आमच्या गल्लीला पुन्हा आलं नाही.

मला परगावच्या कारखान्यात भट्टीवर नोकरी लागली. भिलाईच्या सिविक सेंटरच्या बाजारातून घेतलेला चकचकीत शर्ट घालून पाया पडायला गेलो. काकांनी कॉलर धरली, ती सोडेचनात.

"हा घालून भट्टीपाशी जाशील?"

"पहिला दिवस आहे, काका. जरा बरं दिसावं..."

"आमच्या भट्टीवरच्या धनराजलेही बरंच दिसायचं होतं. लग्नातला टेरीकॉट घालून आला. ठिणगी पडली न् कपडा वितळून चामडीले चिपकला. मीच ओढून काढून राहिलो होतो."

धनराज हे नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

कागदासाठीच्या ढिगातून त्यांनी स्वतःचे दोन जाड सुती शर्ट काढले, वर कागदाचे दहा ताव ठेवले.

"पोचला का चिठ्ठी लिहिजो. फोनवर सारेच 'बरा आहो' म्हणतात."

महिनाभरात मी लिहिलं:

"काका, जय भीम. काल ठिणगी पडली. बाहीले भोक पडलं, हाताले काही नाही. बाहीचा धागा सोबत पाठवतो, जाळून पाहा. शर्ट इतक्यात मागू नका. अजून ड्युटीवर आहे."