गुडघ्याएवढा गुन्हेगार

“गुन्हेगार मला घाबरत नाहीत,” भिंग म्हणाला. “घाबरायला मी त्यांना वेळच देत नाही. नजर घारीची, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची, आणि नाक...” इथे त्याला सणसणीत शिंक आली.

“नाक कुणाचं?” बारकीने विचारलं.

“नाक सध्या सर्दीचं,” तो म्हणाला आणि रुमाल शोधू लागला. तो काही सापडला नाही.

हे थोर गृहस्थ नववीत शिकत होते. खिशात कायम भिंग बाळगतो म्हणून वर्गाने चेष्टेने ठेवलेलं नाव त्याने पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं होतं. त्याच्या तपासाची एक गोष्ट मात्र खात्रीची होती. तो ज्याच्यावर संशय घेई, तो माणूस हमखास निर्दोष निघे. त्यामुळे शाळेत कुणावर बालंट आलंच, तर तो आधी धावत जाऊन भिंगचा संशय आपल्यावर ओढवून घेई.

बारकी ही त्याची मामेबहीण, त्याच्याच वर्गातली, आणि सहायक. घरात धाकटी म्हणून ती बारकी. वर्गात मात्र ती सगळ्यांत उंच होती, आणि या वेळचं संकट तिच्यावर उंचीमुळेच आलं होतं.

झालं असं, की सरांनी गटागटाने छोटी फिल्म करायला सांगितली होती. यांच्या गटाची दिग्दर्शक होती बाईसाहेब. हे नाव तिला तिच्या आवाजाने मिळवून दिलं होतं. नायक राजबिंडा, ज्याच्या दप्तरात पुस्तकापेक्षा कंगवा आधी सापडे. गोष्ट साधीच: जिवलग मित्र शाळा सोडून जातो आणि नायक जिन्यात बसून रडतो. गर्दीच्या डोक्यावरून चित्र घेता यावं म्हणून शाळेचा कॅमेरा बारकीच्या हाती दिला होता. रविवारी दिवसभर शूटिंग झालं. सोमवारी संगणकाच्या खोलीत सगळे मोठ्या उत्साहाने पाहायला बसले, आणि पडद्यावर आली नुसती पायताणं.

पायताणं, फरशी, मध्येच छत, कुणाचा तरी डोळा, कुणाचं तरी कोपर, वादावादी. शेवटची क्लिप तर मिट्ट काळोखाची होती आणि त्यात काहीतरी खुळखुळत होतं. जिना नाही, निरोप नाही, रडण्याचा तर पत्ताच नाही.

“सगळे सीन कुणीतरी पुसलेत,” बाईसाहेब म्हणाली, आणि ‘कुणीतरी’ म्हणताना तिने बारकीकडे पाहिलं. “कॅमेरा दिवसभर हिच्याच हातात होता. उद्या सकाळी सरांना फिल्म दाखवायचीय. तोवर सीन सापडले नाहीत, तर हिचं नाव गटातून काढा असं मी सरांना सांगणार.”

गट पाडताना बारकी नेहमी उरलेल्यांत असे. मग सर तिला कुठेतरी चिकटवून देत, आणि तो गट सुस्कारा सोडी. या वेळी पहिल्यांदाच कुणीतरी तिला नावाने हाक मारून बोलावलं होतं, भले उंचीसाठी का होईना. ते सगळं आता एका दिवसात जाणार होतं.

“काळजी करू नकोस,” भिंग तिच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. “केस मी घेतली.”

बारकीला खरी काळजी आता वाटू लागली.

शाळा सुटल्यावर भिंगने पहिला निष्कर्ष जाहीर केला. “क्लिपा नीट बघ. सगळी दृश्यं जमिनीपासून दीड फुटावरून घेतलीत. म्हणजे गुन्हेगाराची उंची गुडघ्याएवढी.”

“पण मी मधल्या वेळात कॅमेरा हातात लोंबकळत धरला होता. माझा हात येतो तिथपर्यंत.” लांब हाताच्या माणसाला जुन्या पोथ्यांत आजानुबाहू म्हणून मान असतो. शाळेत त्याला छताची जळमटं काढायला बोलावतात.

“सहायकाने पुराव्यात ढवळाढवळ करू नये,” भिंग म्हणाला. “शूटिंगला गुडघ्याएवढं कोण होतं?”

गुडघ्याएवढी एकच व्यक्ती होती: राजबिंडाची तीन वर्षांची बहीण. दोघं तडक त्याच्या घरी गेली. आरोपी दारातच बसून बिस्किट खात होती.

“रविवारी दुपारी तू कुठे होतीस?” भिंगने खाली वाकून दरडावलं.

“शू लागली,” आरोपी म्हणाली.

“प्रश्न टाळतेय,” भिंग बारकीच्या कानात कुजबुजला. पण तेवढ्यात आरोपीने त्याच्या भिंगावर ओलं बिस्किट चिकटवलं आणि जबाब तिथेच आटोपला.

मग भिंगने मोर्चा भावाकडे वळवला. “आता कळलं! सीन तूच पुसलेस. तुला रडता येत नव्हतं आणि ते जगाला दिसू द्यायचं नव्हतं. त्या दिवशी तुझ्या खिशात अर्धा कांदा होता, खरं की नाही?”

राजबिंडाचा चेहरा पडला. “कांदा होता. पण वापरला नाही रे! मला खरंच रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी न ठरवता रडलो, आणि नेमकं तेच गेलं.” त्याचे डोळे पुन्हा भरले. बारकीला त्याची दया आली. भिंगने मात्र त्याच्या गालावरचा थेंब भिंगाखाली तपासला आणि “अश्रू अस्सल” असा शेरा मारला.

तिथून निघताना तो गंभीर होता. “बारके, आता एकच संशयित उरला. नाइलाज आहे. तुला अटक.”

“घरी जाऊन अटक कर. आई वाट बघत असेल.”

बारकीच्या घरी तिची आई, म्हणजे भिंगची मामी, आतल्या खोलीत इस्त्री करत होती. बाहेर दोघं शाळेतून उतरवून आणलेल्या क्लिपा घरच्या संगणकावर पुन्हा एकदा लावून बसली. पहिल्या क्लिपेत पडदाभर एक डोळा होता, वाटीएवढा, लाल, पाणावलेला.

“हा डोळा निर्दयी माणसाचा आहे,” भिंग म्हणाला. “आणि शेवटचा खुळखुळाट बेड्यांचा.”

“तो माझा कंपास आहे. कॅमेरा दप्तरात होता.”

“मग बेड्या कंपासात लपवल्या असणार.”

क्लिपा एकामागून एक चालू राहिल्या. “कट! कोण हसलं? मी विचारते, कोण हसलं? चला, पुन्हा. सगळे आपापल्या जागी. शांतता! ॲक्शन!” आणि पडदा काळा. पुन्हा, “कट! अरे, तो झाडू कुणी ठेवला मध्ये? शांतता! ॲक्शन!” पुन्हा काळा.

आतून मामीचा आवाज आला. “अगं, तुमचं हे सगळं उलटं का? मघापासून ऐकतेय. आधी ‘कट’, मग भांडण, आणि ‘ॲक्शन’ म्हटलं की बंद. आमच्या वेळी ॲक्शननंतर काहीतरी व्हायचं.”

बारकी ताडकन उठली. कॅमेऱ्याला बटण एकच होतं. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. म्हणजे तिने ‘ॲक्शन’ला बटण दाबलं तेव्हा कॅमेरा आधीच सुरू होता, आणि तिने तो बंद केला. ‘कट’ला सुरू केला. दिवसभर हेच. कॅमेरा सुरू असताना त्याच्या छोट्या पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिसायला हवा होता, पण नेमका तिथे ‘शाळेची मालमत्ता’ असा स्टिकर डकवलेला होता. कुणी काहीच पुसलं नव्हतं. सीन मुळात घेतलेच गेले नव्हते.

“पण मग शूटिंगच्या आधी बटण दाबलं कुणी?” असं म्हणत तिने पहिली क्लिप पुन्हा लावली आणि या वेळी शेवटपर्यंत चालू दिली. डोळा आला. डोळ्यापुढे काच होती. मग कॅमेरा गदगदा हलला आणि सणसणीत शिंक ऐकू आली.

“बाळा,” आतून मामी म्हणाली, “सर्दीचं औषध घेतोस ना?”

रविवारी सकाळी कॅमेऱ्यावर बोटांचे ठसे शोधायला कोण आलं होतं, हे दोघांनाही एकदमच आठवलं. भिंगचे कान लाल झाले. तो “पुरावा अपुरा आहे” एवढंच पुटपुटून चपला घालून निघून गेला.

बारकीला फार वाईट वाटलं. नाव जाण्याचं होतंच, पण हा शिंकणारा तिच्या बाजूने उभा राहू शकला असता आणि राहिला नाही. तरी तिने ठरवलं, त्याचं नाव घ्यायचं नाही. बटण आपल्या हातात होतं, बघायला आपणच हवं होतं, इतकंच सांगायचं.

सकाळी सरांनी यांच्या गटाला पुढे बोलावलं. बारकी उठणार, तेवढ्यात भिंग तिला ओलांडून फळ्यापाशी गेला.

“गुन्हेगार याच वर्गात आहे,” तो म्हणाला. वर्ग सरसावून बसला. “तो गुडघ्याएवढा नाही, हे मी आधीच ताडलं होतं. तो रडवा नाही. तो उंचही नाही. त्याची उंची बेताची, बुद्धी अफाट आणि नाक चोंदलेलं आहे. शूटिंगच्या आधी त्याने कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि दिवसभराचं काम उलटंपालटं केलं. कॅमेरा धरणारीने काही पुसलं नाही. तिला जे जे सांगितलं ते ते तिने केलं.” मग त्याने उजवा हात वर नेला आणि स्वतःच्याच डाव्या खांद्यावर दाणकन ठेवला. “तुम्हाला अटक करण्यात येत आहे!”

क्षणभर कुणाला काही कळेना. मग सगळा वर्ग खदखदून हसला, आणि भिंग वाकून त्या हसण्याला नमस्कार करून उभा राहिला. सरांनी क्लिपा पाहिल्या, शिंकही ऐकली, आणि बारकीने लाल ठिपका झाकणारा स्टिकर दाखवला. “शनिवारपर्यंत पुन्हा करा,” ते म्हणाले. बाईसाहेब खाली मान घालून बारकीपाशी आली. कॅमेरा तिच्या हातात देत म्हणाली, “तो स्टिकर मात्र काढ. आणि... तूच धर.”

“आणि तुम्ही, गुप्तहेर,” सर म्हणाले, “भाषणात अर्धा तास घालवलात. उरलेला तास बाहेर.”

भिंग छाती काढून बाहेर गेला. बारकीने कॅमेरा बाकावर ठेवला आणि हात वर केला.

“सर, मीपण बाहेर जाऊ?”

“तू कशाला?”

“मी त्याची सहायक आहे.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मानेनेच दाराकडे खूण केली. बाहेर भिंग भिंतीला टेकून उभा होता. ती शेजारी येऊन उभी राहिली.

“अटकेतल्या माणसाशी बोलायला परवानगी नाही,” तो समोर बघत म्हणाला.

“मग गप्प राहा.”

घंटा होईपर्यंत दोघं तिथेच उभी होती. ती गप्प होती. त्याने मात्र तेवढ्या वेळात शाळेच्या शिपायावर, मुख्याध्यापकांवर आणि नळावर संशय घेऊन टाकला.