कोण करतो ते लिहायचं नाही

स्टोअरकीपर इंग्रजीच्या क्लासात शिरला आणि मागच्या बाकावर आपला मॅनेजर बसलेला पाहून दारातच थबकला. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजर पाठीला शेक घ्यायला जातो, अशी पंपांच्या सुट्या भागांच्या त्यांच्या अख्ख्या गोदामाची समजूत होती. पाठ ठणठणीत होती. दुखणं इंग्रजीचं होतं.

"तुम्ही मला इथं पाहिलेलं नाही," मॅनेजर दबक्या आवाजात म्हणाला.

"छे! कुठं पाहिलं?" स्टोअरकीपर म्हणाला आणि त्याला आपल्या पिशवीतली वही आठवली.

वरिष्ठ स्टोअरकीपर व्हायचं तर इंग्रजीची मधल्या पातळीची परीक्षा पास व्हावी लागे आणि अर्जावर मॅनेजरची सही लागे. परीक्षेत तो दोनदा आपटला होता. पन्नाशीनंतर अर्जच घेत नसत, आणि त्याची पन्नाशी चार महिन्यांवर आली होती. अर्ज तीन आठवडे मॅनेजरच्या टेबलावर धूळ खात होता. त्या संतापातच त्याने या वेळचा गृहपाठ लिहिला होता.

गृहपाठ होता कर्मणी प्रयोगात तक्रारीचं पत्र. "कोण करतो ते लिहायचं नाही, काय केलं जातं तेवढंच लिहायचं," बाईंनी बजावलं होतं. "आणि पुस्तकातला नळ गळायला नको. स्वतःच्या आयुष्यातलं लिहा." स्टोअरकीपरने लिहिलं. कामावर उशिरा आलं जातं. कागद न वाचता सही केली जाते. चांगलं झालं की श्रेय घेतलं जातं, बिघडलं की खालच्याच्या गळ्यात मारलं जातं. माणसाला नावाने हाक मारली जात नाही. अशी चौदा वाक्यं त्याने एका बैठकीत लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला इंग्रजी सुचत होतं.

"वह्या बदला," बाई म्हणाल्या. शेजाऱ्याची वही हिरव्या पेनाने तपासायची, अशी त्यांची पद्धत होती. "स्वतःच्या चुका कोणालाच दिसत नाहीत. दुसऱ्याच्या मात्र लगेच दिसतात. तुम्ही खालच्या वर्गातून आजच वर आलात ना? असे पुढे या, यांच्याशेजारी बसा."

मॅनेजर शेजारी येऊन बसला. एकेका शब्दावर बोट ठेवत त्याने वाचायला सुरुवात केली. बोट पहिल्या वाक्यावर असतानाच स्टोअरकीपरने मनातल्या मनात बढतीवर पाणी सोडलं. पाचव्या वाक्याला नोकरीही गेली. चौदाव्या वाक्याला त्याने मुलीच्या कॉलेजची फी कुठून आणायची याचा विचार सुरू केला होता.

"हे कोणाबद्दल आहे ते मला कळलंय," मॅनेजर म्हणाला.

"साहेब, तो फक्त गृहपाठ..."

"आमचे विभागप्रमुख! हुबेहूब! अहो, इतकी वर्षं माझ्या मनात जे होतं ते तुम्ही कागदावर उतरवलंत!" मॅनेजरने चटकन पान फाडून खिशात घातलं. "हे माझ्याकडे राहू दे. कागदावर नाव नाही, म्हणजे कोणाला भीती नाही."

मॅनेजरने ते पान तक्रारपेटीत टाकलं. पेटी विभागप्रमुख स्वतः उघडत. पत्र वाचून ते खूश झाले, कारण त्यांना त्यात संचालक दिसले. संचालकांना तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून त्यांनी पत्राच्या प्रती काढून प्रत्येक खात्याच्या फळ्यावर लावायला सांगितल्या. वर ठळक अक्षरांत मथळा होता: असे वरिष्ठ आढळल्यास कळवावे.

गोदामातल्या फळ्यावरची प्रत स्टोअरकीपरने पाहिली. पत्रातलं अक्षर त्याचं होतं, आणि तेच अक्षर गोदामातल्या एकूण एक खोक्याच्या चिठ्ठीवर होतं. आंधळ्यालाही कळलं असतं.

"माझी नोकरी गेली," त्याने घरी येऊन बायकोला सांगितलं.

"आजच गेली?"

"आज नाही. पण जाणार."

"मग आज जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो डाव्या हाताने नव्या चिठ्ठ्या लिहून डकवायला लागला. दुपारपर्यंत तीन रांगा झाल्या. त्या चिठ्ठ्या त्याच्याखेरीज कोणालाच वाचता येईनात, आणि चार वाजल्यानंतर त्यालाही येईनात. संध्याकाळी वॉशर मागवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दोनशे व्हॉल्व्ह जाऊन पोचले.

मॅनेजर तणतणत आला. "कोणी केलं हे?"

स्टोअरकीपरने क्षणाचाही विलंब लावला नाही. "पॅकिंगकडून चूक झाली, साहेब."

पॅकिंग म्हणजे त्याच्या हाताखाली बारा वर्षं खोकी बांधणारी बाई. व्हॉल्व्ह परत आणवून तिने ते एकटीने मोजून घेतले.

जाताना मॅनेजरने खिशातून एक कागद काढला. "हा तुमचा अर्ज. सकाळीच सही केली." सही अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर होती. वाचलं असतं तर बाजू सापडली असती. पण सही ती सही. स्टोअरकीपरच्या जिवात जीव आला. तो चक्क शीळ घालत टेबल आवरायला लागला.

तेवढ्यात पॅकिंगची बाई समोर येऊन उभी राहिली. "साहेब, मुलाची शपथ घेऊन सांगते, ते मी लिहिलेलं नाही."

"काय?"

"फळ्यावरचं. इंग्रजी आहे, म्हणून फोटो काढून मुलीकडून वाचून घेतलं मी. इथं सगळे म्हणतात, हे तुमच्याबद्दलच आहे, आणि मुलीकडून लिहून घेतलंय मी. मी म्हटलं, अहो, अक्षर साहेबांचं आहे. तर म्हणतात, स्वतःबद्दल इतकं खरं कोण लिहील?"

स्टोअरकीपरची शीळ थांबली. "माझ्याबद्दल? माझ्यात असं काय आहे?"

"फळ्यावर आहे की सगळं," ती साधेपणाने म्हणाली आणि खोकी बांधायला निघून गेली.

ती गेल्यावर तो फळ्यापाशी उभा राहिला आणि पहिल्या वाक्यापासून चौदाव्यापर्यंत हळूहळू, बोट ठेवून वाचत गेला. त्याला फार वाईट वाटलं. एकही वाक्य वगळता येत नव्हतं.

शुक्रवारी क्लासात बाईंनी नवा धडा काढला. माफीचं पत्र. "या वेळी मात्र मी केलं, असंच लिहायचं. आणि सुरुवातीला माणसाचं नाव हवं."

मॅनेजर पेन चावत बसला. "अवघड आहे हो," तो कुजबुजला. "कोणाची माफी मागावी, तेच आठवत नाही. तुम्हाला सापडलं का कोणी?"

"सापडलं, साहेब."

"मग लिहीत का नाही?"

स्टोअरकीपरच्या वहीत पहिल्या ओळीवर 'डिअर' एवढंच लिहिलेलं होतं. बारा वर्षं तो तिला "अहो, पॅकिंग" अशीच हाक मारत आला होता.

"उद्या लिहितो," तो म्हणाला. "आधी हजेरीपट बघावा लागेल."