वाचणाऱ्यांनी तोंड फिरवावं

चन्नप्पाअण्णा शिलालेखापुढं मांडी ठोकून बसला की त्याचा पहिला हुकूम ठरलेला: "ज्याला वाचता येतंय, त्यानं तोंड फिरवा." तिथं वाचता येणारा बहुधा मी एकटाच असे. मी मॅट्रिक झालेला, निजामी राज्यात जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्यात नुकताच चिकटलेला उमेदवार. मुकाट्यानं पाठ फिरवून बसत असे.

अण्णाचं काम लेखांचे ठसे काढायचं. दगड धुवायचा, त्यावर ओला कागद चढवायचा, ताठ केसांच्या ब्रशानं ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वरून शाईचा बोळा फिरवायचा. खाचा पांढऱ्या राहतात, बाकी कागद काळा होतो. सांगायला सोपं आहे. माझे पहिले अकरा कागद फाटले. "कामून घाई करायलास? दगड कुठं पळून जायलाय?" हे मी इतक्यांदा ऐकलं की घरी भाकरीसुद्धा सावकाश चावू लागलो.

बिदरपासून हुमनाबादेपर्यंत तसा हात दुसरा नव्हता. आणि त्या माणसाला एक अक्षर वाचता येत नव्हतं! याची लाज? छे, तो ते मिरवायचा. "वाचणारा मनातलं वाचतोय. मला दगडातलं तेवढंच दिसतंय." मला ते खूळ वाटे.

मग हैदराबादेहून नवे साहेब आले. त्यांना खात्यात अंगठेबहाद्दर नको होते. "एक महिने में हर्फां सीखो, नहीं तो घर बैठो." शिकवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मी पाटी घेऊन गेलो. अण्णानं ती उलटसुलट केली, वाजवून पाहिली, दगड बरा आहे म्हणाला आणि परत दिली.

"अण्णा, नोकरी जाईल."

"जाऊ दे. डोळा बाटवून ठसा काढणार न्हाई."

महिना संपायला चार दिवस उरले असताना कमठाण्याजवळच्या एका पडक्या देवळात मराठी लेख सापडला. साहेबांना बालबोध लिपी चांगली येई. ते लेख वाचून हरखूनच गेले: कुणा सरदारानं देवाला 'गाव पाच' दिले होते! ते आम्हाला सांगणार तोच अण्णानं त्यांनाही तोंड फिरवायला सांगितलं. पण साहेब दिलदार, हसून फिरले.

ठसा वाळला, तर त्यावर 'गाव' नव्हतं. 'गाय' होतं. 'व'चा गोल पुरा करणारी रेघ करडी, विस्कटलेली उमटली होती आणि तेवढी सोडली तर स्वच्छ 'य' उरत होता. साहेब म्हणाले, ठसा चुकला. अण्णानं सरळ त्यांचं बोट धरून दगडावर ठेवलं. "ही टाकीची खाच. तळ गुळगुळीत. आन् ही खपली, मागनं उडालीय, खरबरीत लागतीय बघा." दान गावाचं की गाईचं, त्याला कुठं ठाऊक होतं! साहेबांनी तीनदा बोट फिरवलं, मग झुकून आदाब केला. "उस्ताद, आप मत सीखना."

पाच गावांच्या पाच गाई झाल्या आणि माझी छाती अशी फुगली, जणू ठसा मीच काढला होता. असा गुरू लाभायला नशीब लागतं. आजही मी हे दहा जणांत सांगतो.

परतताना अण्णा मला घरी घेऊन गेला. तो एकटाच राहायचा. पेटीतून त्यानं घडी केलेला एक लहानसा ठसा काढला.

"धाकानं शिकलो न्हाई. आता धाक न्हाई, म्हणून इचारायलोय. हे काय लिवलंय?"

"कुठल्या देवळातला हा?"

"माझ्या चुलीमागचा दगड. माझी पोरगी गंगू पाठशाळेत जायली तवा तिनं खिळ्यानं कोरलं. त्याच वरसी तापानं गेली." त्यानं ठसा माझ्या हातात दिला. "इतकी वरसं कुणाला दावला न्हाई. मला बरं वाटावं म्हणून कुणीबी मनातलं वाचलं असतं. तू दगडातलं वाच."

अक्षरं वेडीवाकडी होती, पण ठसा लख्ख होता. काहीतरी गोड वाचावं असं क्षणभर माझ्याही मनात आलं. पण मी त्याचा शिष्य होतो.

"अप्पा लई घोरतात," मी वाचलं.

अण्णा आधी बघतच राहिला, मग खदखदून हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले.

"व्हय," तो म्हणाला, "नाक धरून उठवायची मला. आनीक एकदा वाच."