मुनीरभाईंच्या सोळा पायऱ्या

मुनीरभाई घरी आले की आधी पाणी मागत नाहीत, रिमोट मागतात. बूड टेकायच्या आत चष्मा पुसून टीव्हीकडं बघतात आणि चहात कुणी मीठ घातल्यासारखं तोंड करतात. "सर, हे काय करून ठेवलं? ह्या बाईच्या तोंडावर सावलीच नाय. सावली नाय तर ते तोंड नाय, ताट हाय ताट!" मग आमच्याकडची बातम्या देणारी बाई आधी हिरवी होते, मग जांभळी, आणि शेवटी माणसात येते. तोवर बातम्या संपलेल्या असतात.

हा गृहस्थ माझा शेजारी. चिकलठाण्याला आमच्या कॉलनीत भिंतीला भिंत. तीसेक वर्षं त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पेटाऱ्याएवढे जुने टीव्ही गेले, भिंतीला टांगायचे पातळ टीव्ही आले, आणि लोक दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवाच आणू लागले. दुकानाचं शटर खाली आलं. पण दुकानदार काही बंद होईना! कॉलनीतला एकही टीव्ही त्यांनी सोडला नाही.

त्यांच्या खिशात कायम एक पेनड्राइव्ह असतो. त्यात गाणी नाहीत, सिनेमे नाहीत, फक्त एक पट्टी आहे. एका टोकाला काळाकुट्ट, दुसऱ्या टोकाला पांढराशुभ्र, आणि मधे करडा रंग पायरी पायरीनं उजळत जातो. एकूण सोळा पायऱ्या. कॉम्प्युटरवर ही पट्टी त्यांनी स्वतः बनवली. टीव्ही चांगला असेल तर सोळाच्या सोळा वेगळ्या दिसतात. आमच्या टीव्हीवर अकरा दिसल्या. "पाच पायऱ्या खाल्ल्या तुमच्या टीव्हीनं!" हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की माझी बायको सुमन दोन दिवस ओशाळलेली होती.

एकदा हौसेनं मी त्यांना भाच्याच्या लग्नाला पिशोरला नेलं. चूक माझीच. मांडवात मोठा स्क्रीन लावला होता. मंगलाष्टका सुरू झाल्या आणि मुनीरभाई शेजारून गायब. बघतो तर स्क्रीनवाल्याच्या टेबलाशी. "नवरदेव हाय का गाजर? लाल कमी कर, लाल!" त्या बिचाऱ्यानं घाबरून भलतंच बटण दाबलं. अख्खा स्क्रीन निळा झाला आणि ऐन 'सावधान'ला सगळं वऱ्हाड निळ्याकडं बघत राहिलं. अर्ध्या अक्षता त्या स्क्रीनवरच पडल्या. माझी बहीण आजही मला त्यावरून बोलते.

असो. आता ह्या वेडाचं मूळ सांगतो. इथून पुढं हसण्यासारखं फार नाही.

जुन्या टीव्हीचे रंग जुळवायचे स्क्रू मागच्या बाजूला असत. मागं बसणाऱ्याला पुढचं चित्र दिसायचं नाही, म्हणून बाकीचे मेकॅनिक समोर आरसा ठेवत. मुनीरभाईंनी समोर बायको बसवली. नसीमाभाभी दुपारी डबा घेऊन दुकानात यायच्या, जेवणं झाली की स्टुलावर बसायच्या आणि सांगायच्या, "लाल जरा कम. हां. अब पीला. बस!" त्यांनी बस म्हटलं की मुनीरभाईंचा स्क्रू तिथंच थांबायचा. ह्यांच्या हातचा रंग लई भारी, असं गावभर नाव झालं. हे म्हणायचे, "हातात काय हाय? नजर तिची हाय."

दोनेक वर्षांपूर्वी भाभी म्हणाल्या, "टीव्हीच्या कोपऱ्यात काळं दिसतंय." पातळ टीव्हीच्या आत दिव्यांची पट्टी असते. त्यातले दिवे गेले की कोपरा काळा पडतोच, हा रोजचा आजार. मुनीरभाईंनी टीव्ही खोलला आणि दिवे बदलले. भाभी म्हणाल्या, "अजून काळंच आहे." त्यांनी परत खोलला. त्यांना स्वतःला तो कोपरा स्वच्छ दिसत होता. पण स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायची त्यांना सवयच नव्हती. "मलाच दिसत नसंल, सर. तिची नजर कधी चुकली नाय."

मग त्यांनी पट्टी लावली. भाभींनी चौदा पायऱ्या मोजल्या. पुढच्या महिन्यात बारा. मग नऊ. मुनीरभाईंनी आतला बोर्ड बदलला, मग टीव्हीच बदलला, मग तोही बदलला. तिसरा टीव्ही घरात आला त्या दिवशी माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "अहो, एकदा भाभींचे डोळे दाखवा की." ते असे भडकले! "तिच्या नजरेवर माझं दुकान चाललं, सर. तुम्ही मला शिकवता?" आठ दिवस आमच्याकडं रिमोट मागायला फिरकले नाहीत. मीही मास्तरकीचा ताठा धरून बसलो. जायला हवं होतं, त्यांना ओढत दवाखान्यात न्यायला हवं होतं. गेलो नाही, हे मला अजून खातं.

भाभी चहाचा ट्रे घेऊन येताना उघड्या दारावर आदळल्या, तेव्हा कुठं हे दोघं डॉक्टरकडं गेले. काचबिंदू निघाला. जी नजर गेली ती येत नाही, उरलेली टिकवायला थेंब घाला, आणि चार-पाच महिने आधी यायला पाहिजे होतं, असं डॉक्टर म्हणाले. नेमके तेच चार-पाच महिने.

"मी स्क्रू खोलत बसलो, सर," ते ओट्यावर बसून मला म्हणाले. "ती सांगत होती आन् मी टीव्ही खोलत होतो."

त्यानंतर घड्याळ लावून थेंब सुरू झाले. दर शुक्रवारी नमाजहून आले की पट्टी लावायची आणि भाभींनी मोजायचं. सात झाल्या, पाच झाल्या, तीन झाल्या. मग एका शुक्रवारी भाभी म्हणाल्या, "बंद करो जी वो. मालिका लगाओ."

आणि मुनीरभाईंची खरी परीक्षा तिथं सुरू झाली. मालिकेत माणसं बोलतात कमी आणि ढँण ढँण संगीत वाजवून एकेकाचं तोंड तीन-तीनदा दाखवतात. बोलणं भाभींना ऐकू येतं. पण नुसतं संगीत वाजलं की त्या विचारणार, "अब क्या होरा?" आणि मुनीरभाई सांगणार, "डाव्या गालावर लाल जास्ती हाय. मागचा पडदा उजेडानं पार जळालाय."

"अजी, रंग छोडो! रो री कौन, वो बोलो!"

इथं गाडी अडली. जन्मभर टीव्हीसमोर बसलेल्या ह्या माणसानं आत कोण आहे, ते कधी बघितलंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडं आले आणि रिमोटला हातही न लावता सुमनपुढं बसले. "वहिनी, ती मोठ्या टिकलीवाली कोण? अन् ती कपाटामागून ऐकती, ती चांगली का वाईट?" सुमननं त्यांना आठवडाभर शिकवलं. पोरगा परीक्षेला बसावा तसे ते नाती पाठ करत होते. तरी घरी जाऊन नणंदेला सासू करायचे आणि भाभींची बोलणी खायचे.

परवा दुपारी मी त्यांच्याकडं गेलो. मालिका चालू होती. मुनीरभाई भाभींच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले होते. संगीत सुरू झालं. "सास दरवाजे में खडी है," ते हळू सांगू लागले. "बहू ने देखा नहीं. अब देखा. आँखें भर आई उसकी. रोई नहीं, रोक ली." तेवढ्यात जाहिराती लागल्या.

भाभींनी एकदम विचारलं, "अजी, तुमारी दाढी कैसी है अब?"

ह्या दोन वर्षांत ती सगळी पांढरी झालीय. मुनीरभाईंनी माझ्याकडं बघितलं आणि हात जोडले.

"काली है," ते म्हणाले. "थी वैसीच है. सरांना विचार."

"हो भाभी," मी म्हणालो. "काळीच आहे की."

भाभींनी माझ्या दिशेनं मान वळवली, पण बघत होत्या माझ्या बाजूच्या भिंतीकडं.

"बरं झालं, सर," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्या फिकिरीनं पांढरी झाली असंल."