फुटाण्यांची तपासणी

कुरुम, कुरुम... आणि मधेच शांतता. मेहकरच्या सरकारी दवाखान्याची ओसरी मला आजही त्या आवाजातूनच आठवते. डॉक्टर हमीदसाहेब मुलांचे दात आधी ऐकत, मग पाहत. मूठभर गरम फुटाणे मुलाच्या हातावर ठेवून ते डोळे मिटत आणि सतार जुळवणाऱ्या उस्तादासारखी मान तिरपी करत. "खा बे, लाजतं काऊन?" चावणे जिथे अडखळे, तिथे त्यांची भुवई उडे. "उजवी दाढ. खालची." मगच तोंड उघडण्याची आज्ञा होई.

बाजाराच्या दिवशी रेवडीवाल्यासमोर उभे राहून ते गरजत, "माह्यासाठी गिऱ्हाईक तयार करून राह्यला काय बे?"

"मंग तुमचा दवाखाना कोणाच्या जिवावर चालते, साहेब?" तो तराजू सावरत विचारी. त्यावर सगळ्यांत मोठ्याने डॉक्टरच हसत, आणि पावशेर रेवड्या घेऊन स्वतः खात खात परतत.

त्या हिवाळ्यात माझी सहा वर्षांची कमल दिवसेंदिवस मिटत चालली होती. दुधात कुस्करलेली भाकरीही ती गालात धरून बसे. झोपेत कण्हे. अंगणात खेळ रंगला की ही भिंतीला टेकलेली; हसू आलेच तर तळहाताआड. सासूबाईंनी दाढेतली कीड पडावी म्हणून रिंगणीच्या बियांची धुरी दिली, आणि रडू थांबावे म्हणून मायेने त्याच गालात गुळाचा खडा ठेवला. पोरीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

"दुधाचा दात हाय, पडून जाईन," दवाखान्यातही सासूबाई म्हणाल्या.

"पडायले अजून सालं लागतीन, मावशी. तवरोक पोरीनं उपाशी राहायचं काय?" मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "झोपते?"

"नाही."

"भांडते?"

"कोणाशीच नाही."

"मंग लयच दुखते तिले," ते हळूच म्हणाले.

त्यांनी कीड कोरून काढली, लवंगेच्या तेलात कालवलेली पांढरी पूड दाढेत भरली. नंतर रोज संध्याकाळी ते आमच्या फाटकाशी उगवू लागले. "इकडूनच जाऊन राह्यलो होतो," म्हणत. आमची गल्ली तर पुढे कुठेच जात नव्हती. प्रश्न एकच: "भांडली काय?"

एका संध्याकाळी ते आले, तेव्हा कमल चिंचोक्यांवरून शेजारच्या शांतीची वेणी धरून किंचाळत होती. मग धापा टाकत पानावर बसली आणि शिळी, कडक भाकरी दाढेखाली घेऊन तिने कचकन तोडली. डॉक्टरांनी टोपी काढून हातात घेतली.

"तुमच्या घरी लेकरं किती, डॉक्टर?" सासूबाईंनी विचारले.

"झालंच नाही, मावशी. बेगमही गेली. आता घरात खायचा आवाज माह्या एकट्याचाच."

ज्या सासूबाईंनी आजवर परधर्मीयाला पायरीखालीच पाणी दिले, त्यांनी उठून कमलच्या शेजारी पाट मांडला. "बसा."

डॉक्टर संकोचाने बसले. भाकरीचा पापुद्रा, झुणक्याची वाफ, कांद्याचा उग्र वास. ते मान खाली घालून सावकाश जेवत राहिले. शेजारी कमलची अखंड बडबड. ताट रिकामे झाले. मी तव्यावरची भाकरी घेऊन पुढे झाले, पण विचारावे कसे ते सुचेना.

त्यांनी मान वर केली. डोळे भरलेले होते.

"वाढा."